पाच एप्रिलसाठी नारिंगी डबी: बॉस डीएस-वन

निर्व्हाना या अमेरिकन रॉक बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन याची मार्टिन डी-१८ई ही अकूस्टिक गिटार २०२० साली लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याच्या व्हिडिओत दिसणारी फेंडर मस्टँग ही इलेक्ट्रिक गिटार २०२२ मध्ये ४५ लाख डॉलरला विकली गेली. म्हणजे त्याची गिटार विसरा. पण ज्या नारिंगी पेडलमधून, म्हणजे गिटार आणि अँप यांच्या मधे जोडायच्या, पायाने चालू-बंद करायच्या डबीतून, तो आवाज फाडायचा, ते बॉस कंपनीचं डीएस-वन १९७८ पासून आजतागायत बनतंय, आणि बॉसच्या स्वस्त पेडलांपैकीच एक आहे. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या दुकानांत हार्मोनियम-ढोलकीच्या शेजारी ते मांडलेलं दिसेलच असं नाही. पण दुकानदाराला सांगितलं तर पुण्या-मुंबईहून मागवून देतो, नाहीतर ऑनलाइन आहेच.

कोबेन ५ एप्रिल १९९४ रोजी सिॲटलमध्ये गेला, २७ वर्षांचा असताना. तिकडे त्याचे चाहते आजही त्याच्या घराला लागून असलेल्या व्हिरेटा पार्कमधल्या बाकांवर फुलं ठेवतात, बाकांवर काहीबाही लिहून जातात. आपल्याकडे आठवण काढायची म्हणजे कुणाची तरी गच्ची नाहीतर क्लासचा हॉल, दोन गिटार, एक बेस, ड्रमवाला मिळाला तर ठीक, नाहीतर कॅहॉन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका). अशा संध्याकाळीसाठी डीएस-वन घ्यावं का, एवढाच या लेखाचा विषय. उत्तर ‘घ्यावं’ असंच आहे, पण ते कशाला जोडायचं हे आधी ठरवा. या पेडलबद्दलच्या दहातल्या आठ तक्रारी पेडलच्या नसतात, पुढच्या स्पीकरच्या असतात.

आत काय आहे ते थोडक्यात. आधी एक ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवतो, मग ऑप-अँप नावाची चिप तो आणखी वाढवते, आणि मग दोन सिलिकॉन डायोड त्या वाढलेल्या लाटेचे शेंडे सपाट छाटतात. छाटणी एकदम सरळ असल्याने आवाज कडक, कोरडा आणि दातेरी येतो. शेवटी टोनचं सर्किट. नॉब तीनच: डावीकडे टोन, मधे लेव्हल, उजवीकडे डिस्टॉर्शन. गिटारची केबल उजव्या बाजूला आत, अँपची डाव्या बाजूने बाहेर. १९९४ पर्यंतच्या पेडलांमध्ये तोशिबाची टीए-७१३६ ही चिप होती, नंतर बदलली. त्यामुळे ‘कर्टच्या काळातलं’ म्हणून जुनं पेडल दुप्पट-तिप्पट भावाने विकणारे भेटतात. चिपमुळे फरक पडतो, पण स्पीकर बदलल्याने पडतो त्याच्या पासंगालाही तो पुरत नाही. जास्तीचे पैसे तिथे घालू नका.

कोबेन ‘नेव्हरमाइंड’च्या (१९९१) काळापर्यंत डीएस-वन वापरत होता, नंतर बॉसच्याच डीएस-टूकडे गेला. मात्र त्या अल्बममधला प्रत्येक फाटका आवाज डीएस-वनचा नाही. ‘लिथियम’मधला जाड, घुमटलेला आवाज बिग मफ नावाच्या फझ पेडलचा आहे. तो या डबीतून काढायचा प्रयत्न करण्यात संध्याकाळ घालवू नका, निघणार नाही.

गिटारपासून सुरू करू. कोबेनच्या गिटारी बाहेरून फेंडरच्या दिसत असल्या तरी आतले पिकअप (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या गुंडाळ्या) बदललेले असायचे. जॅग्वारमध्ये ब्रिजकडे डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन, पुढच्या मस्टँग-स्ट्रॅटमध्ये बहुतांश सिमोर डंकनचा जेबी. हे दोन्ही हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे आणि तगडे. आपल्याकडे पहिली इलेक्ट्रिक बहुधा स्ट्रॅटच्या आकाराची, तीन सिंगल कॉइलवाली असते. ती डीएस-वनला लावली की दोन गोष्टी होतात: आवाज पातळ येतो, आणि वायरिंगमधला ५० हर्ट्झचा गुंजारव पेडल कैक पटींनी वाढवून देतं. गिटारच्या ब्रिजकडे एक तरी हंबकर असेल तर तोच निवडा. नसेल तर पाच-खटक्यांच्या स्विचवर दुसरं किंवा चौथं स्थान घ्या. बऱ्याच गिटारींमध्ये तिथे दोन कॉइल एकमेकींचा गुंजारव खाऊन टाकतात. आवाज थोडा मऊ पडतो, पण गाणं ऐकू येतं.

आता खरा घोळ कुठे होतो ते. गच्चीवर किंवा हॉलमध्ये गिटारचा अँप नसतो. साऊंडवाल्याचा मिक्सर, पॉवर अँप आणि दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर बॉक्स, असतात. मंडळी पेडलची केबल थेट मिक्सरमध्ये खुपसतात आणि डासांचं मोहोळ उठावं तसा आवाज बाहेर येतो. मग शिव्या डीएस-वनला. कारण साधं आहे. गिटार अँपमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचा भाग जवळपास गाळून टाकतो. डायोडांनी छाटलेल्या लाटेत वरच्या टोकाची किरकिर भरपूर असते. ती गाळण्याचं काम स्पीकरने करायचं, असं गृहीत धरूनच हे पेडल बनलंय. साऊंडवाल्याच्या टॉपमध्ये ट्विटर, म्हणजे उंच आवाजांचा छोटा स्पीकर, असतो. तो ती किरकिर इमानदारीने कानापर्यंत पोहोचवतो.

यावर उपाय तीन, पसंतीच्या क्रमाने. पहिला: लहानसा का होईना, गिटारचा अँप ठेवा, स्वच्छ (अँप स्वतः आवाज फाडणार नाही अशा) चॅनलवर, आणि त्याच्या स्पीकरपुढे गाण्यासाठी असतो तोच साधा डायनॅमिक माइक लावा. माइक जाळीपासून दोन-तीन बोटांवर, स्पीकरच्या मध्यावर नाही तर मध्य आणि कडा यांच्या अर्ध्यावर. १० ते २० वॉटचा अँप यासाठी पुष्कळ झाला, कारण मोठं करण्याचं काम माइक आणि मिक्सर करणार. दुसरा: पेडल आणि मिक्सर यांच्या मधे कॅब सिम्युलेटर (गिटार स्पीकरची नक्कल करणारा इफेक्ट) लावा, हल्लीच्या मल्टी-इफेक्ट पेडलांमध्ये तो असतोच, बाकीचे सगळे इफेक्ट बंद ठेवून तेवढाच चालू करा. तिसरा, नाइलाजाचा: मिक्सर डिजिटल असेल तर त्या चॅनलवर ५ हजार हर्ट्झला लो-पास फिल्टर (त्यावरचा भाग गाळणारा) लावा. साध्या मिक्सरवर हायचा नॉब पूर्ण डावीकडे घ्या. पण तो साधारण १०-१२ हजारांच्या आसपास काम करतो, त्यामुळे निम्मीच किरकिर जाते.

कोबेन स्वतः रूढ गिटार अँप वापरत नव्हता, हे इथे सांगण्यासारखं आहे. त्याच्याकडे मेसा बूगीचा प्रीअँप आणि त्यापुढे क्राउनचे पॉवर अँप असायचे. क्राउन म्हणजे साऊंडवाल्यांच्या रॅकमध्ये दिसतो तोच ब्रँड. पण त्या क्राउनच्या पुढे १२ इंची गिटार स्पीकरांच्या पेट्या होत्या, ट्विटर नव्हता. एवढा एक फरक.

नॉब कुठे ठेवायचे? घड्याळाच्या भाषेत: टोन नऊ ते साडेदहा, डिस्टॉर्शन एक ते दोन, लेव्हल बारापासून सुरू करून कानाने. टोनचा नॉब बारापलीकडे गेला की आवाज कानात टोचतो, आणि मधल्या पट्टीत खड्डा पडल्यामुळे बेस आणि ड्रमच्या गर्दीत गिटार कुठे गेली ते कळत नाही. अँपवर मिडल दोनाच्या काट्यापर्यंत चढवा, म्हणजे तो खड्डा थोडा बुजतो. डिस्टॉर्शन पूर्ण उजवीकडे नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खोलीत एकट्याने वाजवताना ते भरदार वाटतं. बँडमध्ये ताराच वेगळ्या ऐकू येत नाहीत आणि दोन तारांची साधी पॉवर कॉर्डसुद्धा चिखल होते.

निर्व्हानाच्या गाण्यांचा जीव शांत कडवं आणि फुटणारं ध्रुवपद यात आहे. कडव्याला पेडल बंद, ध्रुवपदाला चालू. त्यामुळे लेव्हल अशी लावा की पेडल चालू केल्यावर आवाज बंद असतानापेक्षा स्पष्ट मोठा व्हावा. इथे साऊंडवाल्या भाऊंशी आधीच बोलून घ्यायला लागतं. भजन, ऑर्केस्ट्रा, भाषण यांची सवय असलेला माणूस आवाज अचानक चढला की फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढणारच. त्याच्या लेखी ती चूकच असते. ‘भाऊ, मधे आवाज एकदम वाढेल, तो आम्हीच वाढवतोय, गिटारचा फेडर हलवू नका’ एवढं सांगा, आणि त्या चॅनलवरचा कॉम्प्रेसर बंद करून घ्या. तो चालू राहिला तर कडवं आणि ध्रुवपद एकाच उंचीवर येतात, मग पेडल आणण्यात काही अर्थ उरला नाही.

वीज हा मराठवाड्यातला वेगळा धडा. डीएस-वनला ९ व्होल्ट डीसी लागतं, पिनचा मधला भाग निगेटिव्ह. घरातल्या राउटरचा अॅडॉप्टर याच्या भोकात बेमालूम बसतो आणि तिथेच पेडल मरू शकतं: तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि मधला भाग पॉझिटिव्ह. अॅडॉप्टरवर छापलेलं चिन्ह वाचल्याशिवाय पिन लावू नका. त्याहून सोपं म्हणजे ९ व्होल्टचा चौकोनी सेल. हे पेडल जेमतेम काही मिलीअँपिअर ओढतं, त्यामुळे एक अल्कलाइन सेल असल्या कितीतरी संध्याकाळी काढतो. लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, तरी पेडलच्या वाटेने घरघर आत येत नाही. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर आमचा कौल सरळ सेलला.

सेल घालायला खटक्याच्या पट्टीखालचा मोठा स्क्रू बोटाने सैल करायचा, पट्टी उचलायची, सेल आत. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन. गिटारकडची केबल खोचलेली असेपर्यंत सेल खर्च होत राहतो, खटका बंद असला तरी. वाजवून झालं की केबल उपसा. आणि सेल संपला की पेडल बंद असतानाही गिटार पूर्ण गप्प होते, कारण या पेडलमधला बायपास (पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल पुढे नेणारी वाट) सुद्धा विजेवर चालतो. भर कार्यक्रमात आवाज गेला तर पिकअप, केबल, अँप तपासत बसण्याआधी पेडल बाजूला काढून गिटार थेट अँपला लावून पाहा. तपासायला दहा सेकंद लागतात.

हॉलमध्ये अर्थिंग नसेल तर कितीही चांगलं पेडल गुणगुणणारच. तारांना हात लावल्यावर गुंजारव कमी होत असेल तर तो गिटारच्या शिल्डिंगचा प्रश्न. पण माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल, तर तिथेच थांबा. अँप आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या, आणि वायरमनने तपासल्याशिवाय गायला उभं राहू नका. कूलर त्या बोर्डावर अजिबात नको, त्याची मोटर सुरू-बंद होताना ठक्क आवाज देते.

कूलरचा विषय निघालाच आहे तर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो. पेडलला त्याचं काही नाही; गिटारला आहे. ऊन्ह लागलेली तार प्रसरण पावते आणि सूर उतरतो. सावलीत आणली की चढतो. कूलरचा ओला झोत गिटारवर पडला तर लाकूड आणि तार दोन्ही वेगवेगळ्या दिशेने वागतात. गिटार झोताबाहेर, पण जिथे वाजवणार त्याच जागी, कार्यक्रमाआधी अर्धा-पाऊण तास उघडी ठेवा आणि मगच सूर लावा. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका. अकूस्टिक असेल तर जास्त जपा: आपल्याकडची कोरडी हवा लाकूड सुकवते, फ्रेटची टोकं पट्टीबाहेर येऊन बोटांना लागतात, वरची फळी बसते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. साबणाच्या प्लॅस्टिक डबीला भोकं पाडून आत पिळलेला ओला स्पंज, आणि ती डबी गिटारच्या बॅगेत. पाणी गळता कामा नये. यापेक्षा महागाचं काही लागत नाही.

सुरांचं आधी ठरवलं नाही तर संध्याकाळ ट्यूनरकडे बघण्यात जाते. ‘टीन स्पिरिट’ साध्या ट्यूनिंगमध्ये आहे; चार पॉवर कॉर्ड, एफ, बी-फ्लॅट, ए-फ्लॅट, डी-फ्लॅट. ‘कम अॅज यू आर’ आणि ‘लिथियम’ पूर्ण एक स्वर खाली: जाड तारेकडून डी, जी, सी, एफ, ए, डी. ‘अनप्लग्ड’ ही एमटीव्हीसाठीची अकूस्टिक मैफल अर्धा स्वर खाली. गाणी ट्यूनिंगप्रमाणे गटांत लावा, किंवा दुसरी गिटार खालच्या सुरात तयार ठेवा. एक स्वर खाली आणल्यावर नऊ किंवा दहा नंबरच्या तारा ढिल्या पडतात, जोरात मारल्यावर सूर वर ओढला जातो आणि डीएस-वन तो बेसूर ठळक करून दाखवतं. खालच्या सुरासाठी अकरा नंबरचा संच लावा.

‘कम अॅज यू आर’च्या सुरुवातीचा पाण्याखालून आल्यासारखा आवाज डीएस-वनचा नव्हे, तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या स्मॉल क्लोन या कोरस पेडलचा. त्याला एक नॉब, एक खटका. डेप्थचा खटका वर, रेट मध्याच्या खाली. जोडणीत तो डीएस-वनच्या नंतर. पैसे एकाच पेडलपुरते असतील तर डीएस-वन घ्या, कोरस मल्टी-इफेक्टमधून भागवता येतो.

सगळी संध्याकाळ गोंगाटाचीच हवी असं नाही. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अनप्लग्ड’मध्येही कोबेनची अकूस्टिक गिटार पिकअपमधून पेडलं आणि अँपकडे गेली होती, अँप खोक्याआड लपवला होता इतकंच. त्यामुळे अकूस्टिकला पिकअप असेल तर ती मिक्सरऐवजी गिटार अँपमधून वाजवून पाहा, त्या मैफलीच्या जास्त जवळ जाल. त्या मंचावर लिली आणि काळ्या मेणबत्त्या होत्या. आपल्याकडे लिली महाग. निशिगंध पांढरा आहे, सुवासिक आहे आणि कुठल्याही फुलवाल्याकडे मिळतो. मेणबत्त्या ठेवणार असाल तर फ्लेक्सपासून लांब, काचेत.

फ्लेक्सचं निघालं म्हणून: त्यावर त्याने लिहिलेल्या शेवटच्या चिठ्ठीतल्या ओळी किंवा बंदुकीचं चित्र छापू नका. तो आत्महत्येने गेला, त्यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि ऐकायला येणाऱ्यांत सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात, ऐन परीक्षा-निकालांच्या दिवसांतली. गिटार वाजवतानाचा फोटो आणि खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. तो चोवीस तास, फुकट चालतो.

परवानगीचं काम लवकर उरका. मोकळ्या जागेत स्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहाला बंद करावा लागतो. तिकीट लावणार असाल तर आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांच्या संस्थेचा परवानाही बघा. आणि साऊंड आधीच बुक करा: १४ एप्रिलची जयंती आणि लग्नसराई यांमुळे गावातली चांगली सिस्टिम मार्चमध्येच अडकलेली असते.

डीएस-वन की डीएस-टू? डीएस-टूला टर्बोचा खटका आहे. दुसऱ्या स्थानावर मधली पट्टी उचलली जाते आणि गिटार गर्दीतून पुढे येते. ‘इन युटेरो’ (१९९३) हा अल्बम जास्त आवडत असेल, किंवा दुसरा गिटारवालाही सोबत वाजवणार असेल, तर वरचे पैसे घालून डीएस-टू घ्यावं. नाहीतर डीएस-वन पुरतं. आमच्या लेखी डीएस-वनला दहापैकी आठ. एक गुण टोनच्या नॉबचा कापला, त्याचा अर्धा फेरा निरुपयोगी आहे. दुसरा, सेल संपल्यावर अख्खी गिटार मुकी होते त्याबद्दल.

जुनं घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर एवढं करा. सेल लावून केबल खोचा आणि खटका दाबा; लाल दिवा दर वेळी लागला-विझला पाहिजे. दोन-तीनदा दाबल्यावर एकदा लागत असेल तर पट्टीखालचं बटण झिजलंय. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा ते बदलू शकतो, पण किंमत तेवढी कमी करून घ्या. तिन्ही नॉब हळू फिरवा. खरखर आली तर ती बहुधा धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. फवारल्यावरही तशीच राहिली तर पॉट (नॉबखालचा फिरता भाग) गेलाय. जॅकमध्ये केबल हलवून पाहा, आवाज तुटत असेल तर आधी बाहेरचा नट आवळा. खालचं झाकण उघडायला सांगा: सेल फुटून हिरवट बुरशी चढलेली असेल, किंवा सेलच्या टोपीच्या तारा कुणीतरी नुसत्या पिळून टेप लावून जोडल्या असतील, तर ते पेडल सोडून द्या.